उतरवलेली फाइल जाते कुठे? चादर कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादर-टॉवेलचा कारखाना. दोन संगणक आहेत. एक ऑफिसात, बिलांसाठी. दुसरा आतल्या डिझाइनच्या खोलीत. अण्णांनी, म्हणजे मालकांनी, काम एका वाक्यात सांगितलं: "पार्टी फोनवर थांबते आणि आमची माणसं फाइल शोधत बसतात, हे बंद झालं पाहिजे." नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं नाही. आहे त्यातच घडी बसवायची आणि माणसांना शिकवायचं.

शिकणारे तिघं. दिवाणजी, ज्यांचा जन्म खतावण्या लिहिण्यात गेला. अक्का, ज्या घडी-पॅकिंगमधून नुकत्याच बिलांच्या टेबलावर आल्या आहेत. आणि डिझायनर मुलगा. त्याला डिझाइनचं सॉफ्टवेअर उत्तम येतं, पण फाइल नेमकी कुठे बसते हे त्याला कोणी कधी सांगितलेलं नाही.

आज नुसती पाहणी. ऑफिसातल्या संगणकावर डाउनलोड्स फोल्डरमध्ये दोन हजारांवर फाइली निघाल्या. एकच ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन कागद) पाच-सहा वेळा. मूळ नाव, मग त्याच नावापुढे कंसात १, २, ३. कारण सरळ आहे. सापडत नाही म्हणून पुन्हा उतरवायचं, आणि पुन्हा उतरवलं म्हणून आणखी सापडत नाही. डेस्कटॉपवर सिद्धेश्वर मंदिराचा फोटो लावलाय, पण आयकॉनच्या गर्दीत तलावाची एक पट्टी तेवढी दिसते.

या कामात मला एकच गोष्ट तिघांच्या मनात पक्की बसवायची आहे: डाउनलोड होणं म्हणजे फाइल ठेवली जाणं नव्हे. ट्रकमधून सुताच्या गोण्या फाटकात उतरवल्या म्हणून त्या गोदामात लागल्या असं होत नाही, तसंच हे.

६ जानेवारी

सकाळ अक्कांसोबत. "सर, काल उतरलं होतं की. आज कुठं गेलं?" बँकेचं स्टेटमेंट होतं. मी माऊस हातात घेतला नाही. ब्राउझर उघडाच होता. कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबायला सांगितली. आजवर उतरवलेल्या फाइलींची यादी आली, त्यात कालचं स्टेटमेंट वरून तिसरं. शेजारच्या फोल्डरच्या चिन्हावर क्लिक केलं, तशी ती फाइल जिथे होती तो फोल्डरच समोर उघडला. अक्कांनी वरच्या पट्टीतला पत्ता मोठ्यांदा वाचला: "दिस पीसी, डाउनलोड्स." मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे ही हितंच होती. मी डेस्कटॉपवर हुडकत होते."

पत्ता मोठ्यांदा वाचायचा हा नियम तिथेच ठरला. फाइल उघडायच्या आधी, सेव्ह करायच्या आधी, वरची पट्टी वाचायची. मला हा धड्यातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. शॉर्टकट बटणं विसरली तर चालतील, पण आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत हे कळलं पाहिजे.

क्रोमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्सखाली 'प्रत्येक फाइल कुठे सेव्ह करायची ते आधी विचारा' असा पर्याय असतो. तो चालू केला. आता फाइल गुपचूप उतरत नाही. खिडकी उघडते आणि जागा विचारते. दिवाणजींची तक्रार, दर वेळी एक क्लिक वाढला. बरोबर आहे. पण नवशिक्या माणसाला जागा ठरवायची सवय त्या एका क्लिकनेच लागते, म्हणून तो राहू द्यायचा असं मी अण्णांनाही सांगितलं.

दुपारी अर्धवट उतरलेल्या फाइली. नावाच्या शेवटी सीआरडाउनलोड असं काही दिसलं तर ती फाइल पूर्ण आलेली नाही. नेट मध्येच तुटलं की असे तुकडे मागे राहतात. डाउनलोड चालू नाही याची खात्री करून तीसेक तुकडे काढून टाकले.

८ जानेवारी

आज नावं. दिवाणजी गुरू आणि मी शिष्य असा दिवस गेला.

त्यांच्या पाठीमागच्या कपाटात बिलबुकं आणि खतावण्या आर्थिक वर्षाप्रमाणे लावलेल्या आहेत, १ एप्रिल ते ३१ मार्च. पुठ्ठ्यावर वर्ष, खाली पार्टीचं गाव. मी विचारलं, "२०२२ सालचं हुबळीचं बिल काढता येईल का?" बोलता बोलता त्यांनी ते समोर ठेवलं. मग तीच रचना संगणकावर का नको? डी ड्राइव्हवर 'कारखाना' नावाचं एक मुख्य फोल्डर. त्यात बिले, डिझाइन, बँक, सरकारी कागद, कामगार. बिलांच्या आत वर्षं, वर्षांच्या आत महिने. त्याहून खोल जायचं नाही. सात-आठ पायऱ्या उतरल्यावर सापडणारी फाइल कोणी जागेवर ठेवत नाही. शिवाय विंडोजवरचे बरेच प्रोग्रॅम फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की अडतात.

पहिलं नाव दिवाणजींनी हौसेने टाइप केलं: बिल ७/१/२०२६. विंडोजने घेतलं नाही. तिरकी रेघ नावात चालत नाही. ती चालत नाही तशीच उलटी तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब, चांदणी (*), प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन्ही कोनी कंस आणि उभी रेघ. तिरक्या रेघेऐवजी छोटी आडवी रेघ टाकली आणि क्रमही उलटवला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२६-०१-०७_बिल_०४१२_हुबळी. असं लिहिलं की नावाप्रमाणे लावलेल्या फाइली आपोआप तारखेप्रमाणेही लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र गोळा होतात. महिना एकअंकी असला तरी आधी शून्य हवं, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या वर जाऊन बसायची शक्यता राहते.

नावं मराठीत ठेवली तरी विंडोजला अडचण नाही. पण जी फाइल सरकारी पोर्टलवर चढवायची असेल तिचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत ठेवायचं; काही पोर्टलं देवनागरी नाव नाकारतात, आणि फॉर्मच्या शेवटच्या पायरीवर ते कळलं की सगळं पुन्हा भरावं लागतं.

'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच घ्या फायनल' अशा नावांवर आजपासून बंदी. बदललेल्या फाइलीला शेवटी आ०१, आ०२ असा आवृत्तीचा क्रमांक.

दिवाणजींनी विचारलं, किती वर्षांचं ठेवायचं? जीएसटी कायद्यात हिशोबाचे कागद त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे जुनी वर्षं पुसून जागा करायचा विचारही नको.

९ जानेवारी

डिझाइनची खोली. इथे जास्त वेळ लागणार हे माहीतच होतं.

कपाटावर जुन्या जकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्यात ओवून ठेवली आहेत. प्रत्येक कार्ड म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. जिथे भोक तिथे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर उचलले जातात. फ्रान्समध्ये जकार्डने १८०४च्या सुमारास हे यंत्र बसवलं, आणि भोक किंवा भोक नाही एवढ्यावर नक्षी साठवून ठेवायची ही रीत पुढे संगणकाच्या पंचकार्डांपर्यंत पोहोचली. डिझायनरला मी म्हटलं, तुमच्या कारखान्यात फाइल संगणकाच्या आधीपासून आहे. तो ती माळ बराच वेळ हातात धरून बघत होता. एक कार्ड मागेपुढे झालं की फूल तुटतं, हे त्याला अण्णांनी लहानपणीच दाखवलेलं आहे.

आता नक्षी बीएमपी फाइलीत असते. चौकड्यांचा कागद, एक चौकट म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठभेट. अडचण अशी की त्याने काही डिझाइनं जागा वाचावी म्हणून जेपीजी करून ठेवली होती. प्रयोग केला. चार रंगांचं एक मोराचं डिझाइन घेतलं, जेपीजी केलं, ते पुन्हा उघडलं आणि मोराच्या मानेपाशी मोठं करून पाहिलं. लाल आणि पिवळ्याच्या मध्ये स्वच्छ कड होती तिथे आता तपकिरी, केशरी, मळकट अशा कितीतरी छटा. जेपीजी फोटोसाठी केलेली पद्धत आहे. ती डोळ्याला सहज न कळणारे बारकावे टाकून देऊन फाइल लहान करते. फोटोत ते खपतं. नक्षीत यंत्राला प्रत्येक चौकट म्हणजे एक हुकूम आहे, तिथे खपत नाही. आणि टाकून दिलेलं परत मिळत नाही; जेपीजीचं नाव बदलून बीएमपी लिहिलं तरी छटा तशाच राहतात. नाव बदलल्याने जात बदलत नाही.

मूळ फाइल बीएमपीतच. जागा फारच कमी पडली तर पीएनजी, कारण तीही काही न गमावता लहान होते. पार्टीला दाखवायला मात्र जेपीजी खुशाल करा, पण 'नमुना' या वेगळ्या फोल्डरमध्ये.

याच निमित्ताने दोन्ही संगणकांवर फाइलीच्या नावापुढचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची बीएमपी, जेपीजी अशी अक्षरं, दिसेल असं केलं. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण केली की दिसतं. हे केवळ डिझाइनसाठी नाही. 'इनव्हॉइस.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल मेलमधून आली आणि शेपूट लपलेलं असेल, तर अक्कांना ती पीडीएफच वाटणार. ती उघडली की प्रोग्रॅम चालतो. असली फाइल उघडायची नाही, मला दाखवायची.

१२ जानेवारी

अण्णा मागच्या महिन्यात पेनड्राइव्ह घेऊन पुण्याच्या पार्टीकडे गेले होते आणि तिथे एकही फाइल उघडली नव्हती. पेनड्राइव्ह आज पाहिला. चाळीस डिझाइनं, आणि प्रत्येकाचं वजन एक-दोन केबी. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट कॉपी झाले होते. कोपऱ्यात छोटा बाण असलेला आयकॉन म्हणजे फक्त पत्ता, माल नव्हे. कॉपी झाल्यावर आकार बघायचा, एवढं अण्णांनी स्वतः वहीत लिहून घेतलं.

आणखी एक शंका अक्कांची: ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला तर संगणक २९.८ का दाखवतो? दुकानदाराने फसवलं का? नाही. बनवणारे हजाराच्या हिशोबाने मोजतात, विंडोज १०२४च्या. माल तेवढाच.

१३ ते १६ जानेवारी

सिद्धेश्वर यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुका, सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा, ऑफिस बंद. काम नाही.

१७ जानेवारी

अक्कांच्या भाच्याने यात्रेचा तासाभराचा व्हिडिओ जोडून तयार केलाय. तो पेनड्राइव्हवर जाईना: जागा २० जीबी रिकामी, फाइल सहा जीबीची, तरी 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे घेतलं, पेनड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केला, व्हिडिओ गेला. कारखान्याचं काम नव्हतं, पण अक्का यातून जे शिकल्या ते कुठल्याही धड्यातून शिकल्या नसत्या.

सी.ए. ऑफिसातून आलेली झिप फाइल: आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', मग काम. झिपच्या आतच एक्सेल उघडून आकडे भरले तर ते मूळ जागी सेव्ह होत नाहीत. दिवाणजींना एकदा दाखवलं, पटलं.

१९ जानेवारी

डाउनलोड्स आणि डेस्कटॉप दोन्ही सी ड्राइव्हवर असतात हे आज तिघांनाही पत्त्याच्या पट्टीतून दाखवलं. दोनेक वर्षांपूर्वी संगणक बिघडला तेव्हा दुरुस्तीवाल्याने न विचारता सी फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं, आणि डेस्कटॉपवर ठेवलेली एका हंगामाची डिझाइनं गेली. डिझायनर अजून त्याबद्दल बोलताना थांबतो. काही डिझाइनं जुन्या चादरी समोर ठेवून, चौकट मोजत त्याने पुन्हा काढली आहेत.

म्हणून कामाचं सगळं डी ड्राइव्हवर. हलवताना कट करायचं नाही. कॉपी करायचं, दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवायचा, चार-दोन उघडून बघायच्या, आणि मगच जुन्या जागेवरून काढायचं. मध्येच वीज गेली तरी या पद्धतीत काही हरवत नाही. दिवसभर हेच चाललं. डाउनलोड्समधल्या दोन हजारांतून पुनरावृत्ती वगळल्यावर सहाशेच्या आत उरल्या.

डी ड्राइव्हसुद्धा बऱ्याच संगणकांत त्याच एका डिस्कचा भाग असतो, इथेही तसंच आहे. डिस्कच गेली तर दोन्ही गेले. त्याचा बंदोबस्त पुढच्या आठवड्यात.

२१ जानेवारी

पुसण्याचा धडा. डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, तिथून 'रिस्टोअर' करता येते. शिफ्ट दाबून डिलीट केली तर बिनमध्ये जात नाही. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलीही सहसा जात नाही, आणि लोक फसतात ते इथेच. चुकून काही पुसलं किंवा हलवलं तर तिथल्या तिथे कंट्रोल झेड.

अक्कांनी मुद्दाम एक फाइल पुसली, परत आणली, पुन्हा पुसली. भीती गेली. मला हेच हवं होतं. घाबरलेला माणूस काहीच पुसत नाही आणि कचरा साचत राहतो.

२३ जानेवारी

व्हॉट्सअ‍ॅप. पार्टीकडून नक्षीचे नमुने तिथेच येतात आणि तिथेच राहतात. "फोनमध्ये आहे की," हे उत्तर मी या कारखान्यात सगळ्यांत जास्त ऐकलं. फोनमध्ये आहे म्हणजे कोणाच्या फोनमध्ये? फोन बदलला तर? बऱ्याच दिवसांपूर्वीचा फोटो आज पहिल्यांदा उघडायला गेलं तर तो उतरत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा मागावा लागतो. हे अण्णांच्या बाबतीत घडून गेलंय.

आता रीत अशी: नमुना आला की त्याच दिवशी संगणकावर उतरवून पार्टीच्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावाने. पाठवणाऱ्याला सांगायचं की फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं, बारीक रेघा पुसट होतात.

एक गोष्ट मला मनापासून खटकली. कामगारांच्या आधारच्या प्रती डाउनलोड्समध्ये उघड्या पडल्या होत्या, कोणीही बघावं. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या आणि ते फक्त दिवाणजींच्या पासवर्डने उघडेल असं केलं. आधारची पीडीएफ उतरवली तर तिला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष. म्हणजे माणसाला ओळखणाऱ्याला तो सहज कळतो. तेवढ्यावर विसंबू नये. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार घ्यावं, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. विणकरांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत, ते नीट ठेवणं हा व्यवहाराचाच भाग आहे.

२७ जानेवारी

बॅकअप. अण्णांनी एक टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणल्या. तीन-दोन-एकचा जुना नियम: महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. पहिली डिस्क ऑफिसात, दर शनिवारी संध्याकाळी अक्का जोडतील. दुसरी महिन्यातून एकदा भरून अण्णांच्या घरी.

डिस्क कायम जोडून ठेवायची नाही, यावर मी अडून बसलो. खंडणी मागणारा व्हायरस संगणकात शिरला तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. विजेच्या झटक्याचंही तेच. काढतानाही 'इजेक्ट' करूनच काढायची.

डिझायनरने विचारलं, गुगल ड्राइव्ह आहे ना, मग डिस्क कशाला? मोफत जागा १५ जीबी, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. पण खरा मुद्दा जागेचा नाही. संगणकाशी जुळवून ठेवलेल्या फोल्डरमधली फाइल इथे पुसली की तिथेही पुसली जाते, आणि ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते. इकडची फाइल तिकडे दिसणं वेगळं आणि बॅकअप असणं वेगळं. चालू महिन्याची बिलं ड्राइव्हवर ठेवली आहेत, अण्णांना बाहेरगावी उपयोगी पडतात म्हणून.

ऑफिसच्या संगणकावर विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पुढच्या खर्चात हे धरायला अण्णांना सांगितलं. केसिंग उघडून आतला सुताचा थरही काढला; चादरीच्या कारखान्यात पंख्यावर तंतू बसतात आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात संगणक तापतो.

२९ जानेवारी

कपाटात जुन्या सीडी सापडल्या. बऱ्याच वाचल्या गेल्या, काही नाहीत. वाचल्या त्या सगळ्या डी ड्राइव्हवर घेतल्या. त्यात जुनी दरपत्रकं आहेत, पण उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. ती जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, म्हणून तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. फाइल शाबूत आहे, पण वाचण्याची किल्ली हरवली. यापुढे मराठी टाइपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे ठरावीक फॉन्ट नसला तरी वाचता येईल अशा पद्धतीत, आणि पक्क्या झालेल्या कागदाची एक पीडीएफ प्रत सोबत.

२ फेब्रुवारी

परीक्षा मी घेतली नाही, अण्णांनी घेतली. डिसेंबरमधलं हुबळीचं एक बिल मागितलं. अक्कांनी पत्ता वाचत वाचत काढलं आणि मेल करून टाकलं. मग मी डी ड्राइव्हवरच्या डिझाइनांतलं एक फोल्डर मुद्दाम पुसलं आणि डिझायनरला ऑफिसातल्या डिस्कवरून परत आणायला सांगितलं. आलं, संख्या आणि आकार जुळला, मोर जसाच्या तसा उघडला. परत आणून पाहिल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणू नये, म्हणून दर तीन महिन्यांनी हे करायचं असं वहीत लिहिलंय.

बाकी राहिलेलं: जुन्या दरपत्रकांचं रूपांतर, न वाचलेल्या सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहणं, आणि २०१९च्या आधीची बिलं स्कॅन करायची की नाही हा निर्णय. दिवाणजींचं मत, करायची. ते रोज दुपारी तासभर बसायला तयार आहेत. स्कॅनर शुक्रवारी येतोय.